वहिनींनी परत मागवलेले ॲम्प

गिटारच्या उघड्या ॲम्पमध्ये हात घालताना, शॉक काळजापर्यंत जाऊ नये म्हणून, वहिनींचा डावा हात नेहमी ॲप्रनच्या खिशात असे. नवा व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असे तसा काचेचा दिवा, खोक्यातून काढला की आधी कानाशी धरून हलवत, मग उजेडाकडे धरत. चालू ॲम्पच्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीचं मागचं टोक हलकेच मारत, आणि स्पीकरमधून खणखण आली की म्हणत, "हा चुगलखोर." ट्रान्सफॉर्मरचा वास घेत. चहाचा कप टेबलावर कधी ठेवत नसत. तो खिडकीत ठेवत आणि तिथेच विसरत. गिटारवाल्यांना सांगत, "तुझं आवडतं वाजवू नकोस. कंटाळलास की काय वाजवतोस, ते वाजव." कुणाचं तोंडभरून कौतुक केलेलं मी ऐकलं नाही. 'बरंय' म्हणाल्या की माणूस खूश होऊन घरी जाई. काम चालू असताना कुणी मध्येच बोललं की एक बोट वर. थांब, तापू दे.

हे सगळं मी 'असे', 'धरत', 'म्हणत' असं लिहिते आहे. मागच्या आठवड्यात 'असतो' आणि 'म्हणतात' लिहिलं असतं.

वहिनी गेल्या. दुपारी जेवण झालं, जरा पडते म्हणाल्या आणि उठल्याच नाहीत. आदल्या दिवशी त्यांनी मला जिन्यात अडवून विचारलं होतं की तुझ्या खोलीतला पंखा असा कण्हत का असतो, आणि तुला त्याची लाज कशी वाटत नाही.

नात्याने त्या एकाच माणसाच्या वहिनी. तरुणपणी त्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वायंडिंग करत. तांब्याची तार गाभ्यावर गुंडाळायची, वेढ्याला वेढा लागून, दिवसभर. त्यांचा दीर तेव्हा एका ग्रूपमध्ये ड्रम वाजवत असे. ग्रूपचा ॲम्प जळला तेव्हा त्याने तो घरी आणला. वहिनींनी झाकण उघडलं आणि आत आपल्याच हातचा दिसावा तसा ट्रान्सफॉर्मर दिसला. तो त्यांनी उलगडून पुन्हा गुंडाळला. ॲम्प वाजला. मग ग्रूपमधले सगळे त्यांना वहिनी म्हणायला लागले. त्यांचे मित्र, मित्रांचे शिष्य, पुढे त्यांची मुलंही वहिनीच म्हणू लागली. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचं गॅरेज घेतलं.

"सगळ्या गावाची वहिनी आहे मी," त्या म्हणत. "आणि खरा दीर एकच. तोही बिनकामाचा."

दीर दाराजवळच्या स्टुलावर बसलेला असे. "बिनकामाचा म्हणून का होईना, लक्षात तरी आहे तुमच्या," तो म्हणे.

गॅरेजच्या बरोब्बर वरची खोली माझी. साहित्यात पदवी घेऊन मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले होते आणि कामाचे कागद घरी आणत असे. पहिल्याच संध्याकाळी माझी फरशी हादरली. तक्रारीची वाक्यं जिन्यातच जुळवून मी खाली गेले. वहिनींनी माझ्याकडे न बघता बोट वर केलं. गिटार थांबल्यावर विचारलं, "आधीचा आवाज आणि आत्ताचा. कुठला जास्त डोक्यात गेला?"

"आत्ताचा," मी म्हणाले.

"डोक्यात म्हणजे कुठे? कपाळात की दातांत?"

मी विचार केला. "दातांत."

"ऐकलंस?" त्या गिटारवाल्याला म्हणाल्या. "वरचीच्या दातांत जातोय." आणि व्हॉल्व्ह काढायला लागल्या. माझी तक्रार राहून गेली. तेव्हापासून माझं नाव 'वरची' पडलं.

नंतर मी रोजच खाली जायला लागले. गिटारमधलं मला आजही फार कळत नाही. पण वहिनी सांगत तेव्हा कळत असे. ज्या ॲम्पमधून गिटार गुरगुरते, फाटते, भिंतीसारखी अंगावर येते, त्यात ते फाटणं पुढचे छोटे व्हॉल्व्ह करतात. मागे मोठे चार असतात. "पुढचे नुसते ओरडतात," वहिनी म्हणत. "ते ओरडणं उचलून रस्त्यापर्यंत न्यायचं काम मागच्यांचं. हमाल आहेत ते. पण हमालाचीही एक चाल असते. कुणी सामान आपटत नेतो, कुणी झुलवत नेतो." मागच्यांत मुख्य तीन जाती. सिक्सएलसिक्स रुंद, खाली जड आणि वर चकचकीत. थर्टीफोर मध्ये दाटलेला, जरा नाकात बोलणारा. आणि एटीएट, सगळ्यांत धिप्पाड, कशानेही न हलणारा. जात बदलली की पाठीमागचा स्क्रू फिरवून मीटरवर बघावं लागतं. नुसतं बसून असताना व्हॉल्व्ह किती करंट खातो, ते ठरवून द्यायचं. जास्त दिलं तर आतला पत्रा लाल होतो. कमी दिलं तर आवाज आंबतो.

कुठल्या ॲम्पला, कुठल्या हाताला कुठले चार व्हॉल्व्ह, हे वहिनी ठरवत. त्यावर कुणी दुसरं मत मागत नसे.

लांब्या आला तो दिवस मला नीट आठवतो. लांब्या लिफ्ट दुरुस्त करतो. तो आणि त्याचे दोन मित्र आपला ग्रूप कित्येक वर्षं रेटत होते आणि आता पहिल्यांदा रेकॉर्डिंग करणार होते. एका हॉलचा रविवार मिळाला होता. ॲम्पचे व्हॉल्व्ह थकले होते.

"एटीएट टाका, वहिनी," तो म्हणाला. "हल्ली सगळे तेच टाकतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"म्हणजे... सगळे."

"सगळ्यांचे ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळलेले नाहीत. हा गुंडाळलाय. एटीएटला विजेचा जेवढा दाब लागतो तेवढा ह्यात नाही. अर्धवट झोपेत काम करतील तुझे पैलवान. आणि जागे झाले तरी तुला काय उपयोग? पुढे एवढं फाडतोस, मागे जरा लवणारं माणूस नको?"

लांब्याने मान हलवली. वहिनींनी सिक्सएलसिक्सचा एक संच निवडला. चारही एकसारखं खाणारे. बसवले, मीटर लावला, स्क्रू फिरवला. "घे. स्वच्छ. वरचं सगळं ऐकू येईल."

लांब्याने वाजवलं. मला दातांत कळ आली, पण मला नेहमीच येई.

"मस्त, वहिनी," लांब्या म्हणाला. तोंड हसरं. आणि त्याचा हात सहज खाली गेला आणि ट्रेबलचा, म्हणजे वरच्या तीक्ष्ण सुरांचा, नॉब मागे फिरवत जवळजवळ शून्यावर घेऊन आला.

वहिनी त्या हाताकडे बघत होत्या.

"हात कुठे गेला तुझा?"

"कुठे काय?"

"ट्रेबलवर."

"असंच. सवय आहे."

"कधीपासून?"

लांब्याने दिराकडे बघितलं. दिराने रस्त्याकडे.

"भावजी, रस्त्यावर काय चाललंय?"

"काही नाही, वहिनी."

"मग इकडे बघा."

मग ते बाहेर आलं, थोडं लांब्याच्या तोंडून, थोडं दिराच्या. गेल्या वर्षभरात वहिनींच्या हातून गेलेला प्रत्येक ॲम्प तिखट निघत होता. सुरुवातीला थोडा, मग जास्त. बेकरीवाल्याचा, गणिताच्या सरांचा, जुळ्या भावांचा. जो तो घरी जाऊन ट्रेबल खाली करत होता. कुणी नॉबवर खूण करून ठेवली होती. जुळ्यांनी तर स्पीकरवर टॉवेल टाकला होता. सगळ्यांना माहीत होतं, सगळे आपसात बोलतही होते.

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला कोण सांगणार?" लांब्या म्हणाला. त्याचा जीव अर्धा झाला होता.

वहिनींनी फळीवरून टोन काढणारं यंत्र उतरवलं. त्यात एकच बारीक सूर निघतो आणि चकती फिरवली की तो चढत जातो. चकती त्यांनी लांब्याच्या हातात दिली आणि स्वतः पाठ करून बसल्या. ऐकू येतंय तोवर हात वर, असं ठरलं. आम्ही तिघांनी हात वर केले, वहिनी, दीर आणि मी. सूर चढायला लागला. शिट्टी झाली, मग सुई झाली. वहिनींचा हात खाली आला. मला वाटलं त्यांना खाज सुटली असेल. सूर माझ्या कानात अजून भरभक्कम होता. थोड्याच वेळात दिराचाही हात खाली आला.

"घ्या, वहिनी," तो म्हणाला, "आपली जोडी जमली."

"तुम्ही आयुष्यभर झांजा बडवल्यात. माझं काय?"

"तुम्ही आयुष्यभर आमच्यासमोर बसलात."

माझा हात अजून वरच होता. तो खाली घ्यावा की नाही हे मला कळेना.

दीर स्टुलावरून उठला. तो उठला की काहीतरी गंभीर असतं. "वहिनी, आता बास करा," तो म्हणाला. आवाज मऊ होता. "वायंडिंग करा, सोल्डरिंग करा. तुमच्या हाताला तोड नाही. पण हे निवडायचं काम राहू द्या."

"राहू देऊ म्हणजे? करणार कोण?"

तो परत स्टुलावर बसला. करणारं दुसरं कुणी नव्हतं.

ह्या बाईचं सगळं त्या एका गोष्टीवर उभं होतं. तार काय, दुसराही गुंडाळील. पण चार खोकी हातात घेऊन 'ह्याला हेच' म्हणणं, ते गेलं तर वहिनी गॅरेजमध्ये नुसत्या कामाला असल्यासारख्या झाल्या असत्या. त्या रडतील असं मला वाटलं. निदान चिडतील.

वहिनींनी यंत्र बंद केलं. ॲप्रनला हात पुसले.

"म्हणजे माझ्या कानांचं वरच्या मजल्यावरचं दार बंद झालंय," त्या म्हणाल्या. "आणि तिकडे कुणी ऐकत नाही म्हणून मी अजून जोरात ठोठावत बसले. गाढवपणा झाला. पण भावजी, कान माझा कशाला हवा? वाजवणार हा, ऐकणार लोक. मी मध्येच माझा कान घुसवला होता." मग लांब्याला म्हणाल्या, "उद्या ये. सगळ्यांना घेऊन ये. ड्रमसकट."

"ड्रम इथे मावणार नाहीत."

"भावजींचं स्टूल काढू."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. स्टूल खरंच बाहेर गेलं आणि दीर फुटपाथवर बसला. वहिनींनी ॲम्पच्या नॉबभोवतीचे आकडे चिकटपट्टीने झाकून टाकले. "तुम्ही लोक आकडे बघून फिरवता," त्या म्हणाल्या. सगळे नॉब मधोमध आणले. मग ॲम्पच्या शेजारी, नॉबच्या उंचीवर डोळे येतील अशी एक पेटी ठेवून तिच्यावर बसल्या. हातात खडू.

"आता ऐका. तिघांनी मिळून वाजवायचं. आवडेपर्यंत काय ते फिरव, लांब्या. माझ्याकडे बघायचं नाही. मीही तुझ्या तोंडाकडे बघणार नाही. तोंड भिडेखातर हसतं. हाताला भीड नसते."

आधी सिक्सएलसिक्स. एकट्याने वाजवलं तेव्हा सुरेख, प्रचंड. मग ड्रम आणि बेस गिटार सुरू झाले आणि लांब्याचा हात नॉबवर गेला. ट्रेबल खाली. बेसचा नॉबही खाली. व्हॉल्यूम वर. पुन्हा ट्रेबल. गाणं अर्ध्यावर आलं तरी हात तिथेच. वहिनींनी खडूने ॲम्पच्या कडेला रेघा मारल्या आणि हात वर करून थांबवलं.

"वर झांजा, खाली बेसवाला. हे सिक्सएलसिक्स दोन्हीकडे पसरतात, म्हणून दोन्हीकडून मार खातात. एकटाच असतास तर राजा होतास."

मग ॲम्प बंद केला. निवू दिला. थर्टीफोर बसवले, मीटर लावला, स्क्रू फिरवला. बोट वर करून आम्हाला थांबवलं. तापू दे. लांब्याने एकट्याने वाजवलं आणि तोंड वाकडं केलं. "सर्दी झाल्यासारखा वाटतोय, वहिनी."

"मला काय सांगतोस? मला ऐकू येत नाही. वाजवा तिघं."

वाजवलं. लांब्याचा हात नॉबवर गेला, जरासा थबकला, परत तारांवर आला. गाणं पुढे सरकलं. मी बघत राहिले. हात पुन्हा गेला नाही. झांजांच्या खाली, बेसच्या वर एक जागा मोकळी होती आणि गिटार नेमकी तिथे उभी होती. मला गिटार कळत नाही, पण तेवढं मलाही कळलं. माझे दात गप्प होते. गाणं संपलं. लांब्या डोळे मिटून उभा होता. सगळे नॉब मधोमध.

वहिनींनी एकच रेघ मारली. "बरंय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं वाटलं, वहिनी?" बेसवाल्याने विचारलं.

"मी ऐकलं कुठे? मी बघितलं."

मी जिना चढून वर गेले, पुन्हा खाली आले. दीर फुटपाथवरून विचारत होता, झालं का, आत येऊ का.

रविवारी रेकॉर्डिंग झालं. सोमवारी लांब्या कामावर जाता जाता येऊन सांगून गेला की दिवसभरात नॉबला हात लावला नाही. वहिनींना त्यात नवल वाटलं नाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"भावजी, फोन घ्या," त्या म्हणाल्या. "वर्षभरात माझ्याकडून गेलेत ते सगळे ॲम्प परत मागवा."

"सगळे?"

"सगळे. चूक माझी आहे. मीच सुधारणार."

"लोक काय म्हणतील, वहिनी?"

"म्हणतील वहिनीला ऐकू येत नाही. खरंच आहे ते. तुम्ही तेच सांगा, म्हणजे त्यांना चोरून बोलावं लागणार नाही."

दिराने फोन लावायला सुरुवात केली. दोनच फोनमध्ये तो घामाघूम झाला. मग वहिनींनी त्याच्या हातातून फोन घेतला.

"आमचा ठीक आहे, वहिनी," पलीकडून बेकरीवाला म्हणत होता. फोन स्पीकरवर होता.

"ट्रेबल कुठे ठेवलाय?"

"जरा खाली," पलीकडून आलं.

"घेऊन ये. आणि तुझ्या ड्रमवाल्यालाही आण."

जुळ्यांना त्या एवढंच म्हणाल्या, "टॉवेल धुऊन ठेवा. ॲम्प इकडे द्या."

ॲम्प यायला लागले. गॅरेजची एक भिंत भरली, मग दुसरी. प्रत्येकाच्या कडेला खडूच्या रेघा पडू लागल्या. रोज संध्याकाळी कुठला ना कुठला ग्रूप स्टूल बाहेर काढून आत कोंबला जाई. माझी फरशी रोज हादरे. एकाला थर्टीफोर, दुसऱ्याला सिक्सएलसिक्सच, पण जरा कमी खायला घालून. बेकरीवाल्याच्या ॲम्पला त्यांनी खरोखर एटीएट घातले, कारण त्याच्या ॲम्पमध्ये तेवढा दाब होता आणि तो माणूस कशानेच लवत नव्हता. लांब्याला हे कळल्यावर तो भांडायला आला. वहिनींनी त्याला दारातूनच परत पाठवलं. मी वहिनींना इतकं खुशीत आधी पाहिलं नव्हतं. जुना माल परत घेणारं माणूस तोंड पाडून बसतं असं मला वाटायचं. ह्यांचं उलटच. दार उघडून पहिला ॲम्प टेबलावर घेताना त्या अशा काही उभ्या राहत, की दुकान आजच उघडलंय.

"ह्यांच्या तोंडाकडे बघून मी किती वर्षं वाया घालवली, वरची," एकदा त्या मला म्हणाल्या. "सगळं हातात होतं." मग लगेच, "तो कप दे खिडकीतला."

आणि मग ती दुपार.

काल दीर, लांब्या आणि मी गॅरेज उघडून आत गेलो. दीर दारातच थांबला, मग आत येऊन स्टुलावर बसला. उजव्या भिंतीकडचे ॲम्प झालेले. कडेला रेघा आहेत. डाव्या भिंतीकडचे राहिलेले. जुळ्यांचा त्यातच आहे. लांब्याने एकाचा नॉब उगाच फिरवून बघितला आणि हात मागे घेतला.

टेबलावर गणिताच्या सरांचा ॲम्प आहे, मागचं झाकण काढलेलं. आकड्यांवर चिकटपट्टी लावून झाली आहे. सगळे नॉब मधोमध आहेत. सरांना आणि त्यांच्या ग्रूपला शुक्रवारी संध्याकाळी बोलावलेलं होतं. मीटरच्या दोन्ही तारा जोडलेल्या आहेत. चार सॉकेटपैकी दोनांत थर्टीफोर बसवले आहेत. बाकीचे दोन व्हॉल्व्ह शेजारी उघड्या खोक्यात आहेत.